काळी गाडी उन्हात बघावी

हल्ली पंपावर उभ्याउभ्या लोक मला एकच गोष्ट विचारतात. "दत्तोबा, तुम्ही इतकी वर्षं गाड्या बघताय. काळ्या रंगावर हे बारीक बारीक चरे पडतात, त्यासाठी गाडी मुंबईला पाठवून मशीनचं पॉलिश करून घ्यावं का? पैसे वसूल होतात का?" विचारणारा बहुधा नवा गाडीवाला असतो. काळा रंग रुबाबदार दिसतो म्हणून हौसेने घेतलेला असतो, आणि लोणावळ्याचा एक पावसाळा काढल्यावर कपाळाला हात लावलेला असतो. पांढऱ्या गाडीला सात खून माफ असतात. काळी गाडी मात्र मालकाची सगळी घाई अंगावर लिहून घेते.

मी सांगतो, की बाबा, मशीन वाईट नसतं, ते चालवणारा कसा आहे ते बघ. गाडी घरी आणलीस की सावलीत बघून खूश होऊ नकोस. चार वेळा धू, मग भर दुपारी उन्हात उभी कर आणि तेव्हा काय ते ठरव. आणि एखादा चांगला हात घरातच असेल, तर गाडी कुठेही पाठवू नकोस. एवढं सांगून मी पेट्रोलची नळी टाकीत घालतो. हे मला कोणी शिकवलं ते सांगत नाही. आज सांगतो, कारण आता लपवून ठेवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलेलं नाही, आणि अब्रू म्हणाल तर ती मी चौसष्ट सालीच घालवून बसलो.

शिकवणारा बारकू. भाज्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात दहाबारा खोपटांची वाडी आहे, तिथला. मी टाकव्याचा. घरी चार भातखाचरं, मॅट्रिकला दोनदा आपटलेला आणि मामाच्या ओळखीने मुंबई-पुणे रस्त्यावरच्या पंपाला चिकटलेला. तो मला 'दत्तूभाऊ' म्हणायचा, 'अवोजावो' करायचा. मी त्याला 'ए बारक्या' म्हणायचो. वयाने तो माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी मोठा होता. यात काही चुकतंय असं मला तेव्हा स्वप्नातसुद्धा वाटलं नाही.

अठ्ठावन्न साली कीर्तने साहेब मुंबईची वकिली सोडून कायमचे लोणावळ्याला आले. तुंगार्लीच्या बाजूला त्यांनी बंगला बांधला आणि येताना काळी डॉज मोटार आणली. मोटार कसली, चालता आरसाच. साहेब पंपाच्या खोलीत आमच्या शेठशी गप्पा मारत बसले, की मी दारावरच्या काळ्या रंगात बघून भांग सारखा करून घ्यायचो. बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीसाठी दगड वाहायला जे मजूर होते त्यांत बारकू आणि त्याची बायको हिरी होते. एका सकाळी खंडाळ्याकडून लाल चिखलाने माखून मोटार आली. श्रीपती ड्रायव्हरने कोरडं फडकं घेतलं आणि वाळलेला चिखल घसाघसा पुसायला सुरुवात केली. डोक्यावरचा दगड तसाच ठेवून बारकू ओरडला, "अवो, मातीसकट काय पुसताय! कातडं सोलंल की तिचं!"

श्रीपती म्हणाला, "तुझ्या बापाने बाळगली होती का रे मोटार?"

"मोटार न्हाई, म्हस बाळगलीती. वाळल्याली माती खरडली की म्हशीचं बी कातडं सोलतं. आधी पानी. माती आपली आपण जाऊ द्यायची. मंग हात लावायचा."

साहेब व्हरांड्यात बसून ऐकत होते. वकील माणूस, मुद्दा बरोबर असला की पटणार. त्यांनी बारकूच्या डोक्यावरचा दगड उतरवायला लावला आणि हातात बादली दिली. मोटारखान्यामागची खोली राहायला मिळाली. पुढची सहा वर्षं त्या गाडीला बारकूशिवाय कोणाचं फडकं लागलं नाही.

त्याचं काम बघायला मी मुद्दाम जायचो. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, वरून सोडलेलं. हात लावायचा नाही. मग दोन बादल्या. एकीतलं पाणी गाडीला, दुसरीतलं फक्त फडकं खळबळायला. फडकं म्हणजे साहेबांचीच जुनी मलमलची धोतरं, सोड्यात उकळून मऊ केलेली. फडकं एकदा जमिनीवर पडलं की ते गाडीच्या कामातून बाद. मग ते चाकं पुसायला जायचं. हात फिरवायचा तो सरळ, बॉनेटपासून मागे, केस विंचरावेत तसा. गोल कधीच नाही. सदरा काढून ठेवायचा, कारण सदऱ्याची बटणं घासतात. बाईसाहेबांना उघड्या अंगाचा गडी दारात नको होता, म्हणून त्याने हिरीकडून बिनबटणाची बंडी शिवून घेतली. हातातलं चांदीचं कडं कामाआधी काढून देवळीत ठेवायचा.

आणि शेवटी कोंडा. हा त्याचा स्वतःचा शोध. हिरी उखळात भात कांडायची. त्याचा अगदी आतला, पिठासारखा कोंडा ती जुन्या लुगड्याच्या पदरातून दोनदा गाळायची. गिरणीचा कोंडा चालायचा नाही, त्यात तुसाचे कण येतात. त्या गाळलेल्या कोंड्याची पुरचुंडी मलमलीत बांधून बारकू गाडी पूर्ण सुकल्यावर हलकेच वरून ओढायचा. पावसाळी हवेचा चिकट पापुद्रा निघून जायचा आणि कोंड्याच्या तेलाने रंगाला खोल काळेपण यायचं. कोंड्याचा मांडा करणारी बायको ऐकली होती, कोंड्याची झळाळी करणारा नवरा मी तिथेच पाहिला.

एकदा पंपावर पुण्याची एक काळी गाडी उभी होती. बारकूने मला हाताला धरून तिच्यासमोर उकिडवं बसवलं. "आता सूर्व्याकडं तोंड करून बगा, भाऊ. दिसलं?" दिसलं. उन्हाचा ठिपका जिथे पडला होता त्याच्याभोवती कोळ्याने विणावं तसं बारीक गोल गोल जाळं. "गोल हात फिरवला की ह्ये व्हतं. मळक्या फडक्यानं बी व्हतं. सावलीत समद्याच गाड्या नव्या. उन्हात बगायचं." मग आम्ही दोघं साहेबांच्या डॉजसमोर तसेच बसलो. उन्हाचा ठिपका काळ्या पाण्यात पडल्यासारखा स्वच्छ. बाकी काही नाही. सहा वर्षांच्या गाडीवर एक जाळं नाही. बारकूची मान ताठ झाली ती मी पाहिली. त्याच्या वाडीत कोणाकडे जमीन नव्हती, अक्षर नव्हतं. त्याच्याकडे एवढं एकच होतं: 'बारकूचा हात लागला तर चरा पडत नाही' हे नाव. आजूबाजूचे बंगलेवाले दिवाळीआधी त्याला साहेबांकडून मागून न्यायचे. साहेबही तो उसना देताना आपलं चांदीचं भांडं दिल्यासारखा तोरा करायचे.

चौसष्टच्या भाद्रपदात साहेबांचे जावईबापू विलायतेहून परतले. इंजिनियर. जो माणूस चार वर्षं बाहेर राहून येतो त्याला पहिले सहा महिने आपल्या घरातलं सगळंच दुरुस्त करायचं असतं. बारकूच्या हातातली पुरचुंडी बघून ते इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मामा, विसाव्या शतकात तुम्ही मोटारीला कोंडा चोळता?" मुंबईत म्हणे एक वर्कशॉप होतं, तिथे विजेच्या मशीनला लोकरीची चकती लावून पॉलिश करत. शास्त्रशुद्ध. त्याला जे पैसे पडणार होते ते बारकूच्या वर्षभराच्या पगाराहून जास्त होते. साहेबांनी आधी कां-कूं केलं, पण जावयाच्या विलायतेपुढे सासऱ्याची वकिली किती चालणार?

बारकूने एकच विचारलं. "सायेब, माज्यात काय कमी पडलं?"

साहेब म्हणाले, "कमी काही नाही रे. पण आता नव्या पद्धती आल्यात." एवढं बोलून ते वर्तमानपत्रात शिरले. कमी काही नाही, तर मग पाठवता कशाला, हे विचारायची हिंमत बारकूत नव्हती, आणि माझ्यात तर त्याहून नव्हती.

गाडी आठ दिवसांनी, नेमकी दसऱ्याच्या सकाळी परत आली. पेट्रोल भरायला श्रीपतीने ती आधी पंपावर आणली आणि गाडी माझ्या ताब्यात देऊन तो समोर चहाला गेला. बारकू दिवस उगवल्यापासून पंपावर येऊन बसला होता. हातात हिरीने ओवलेला झेंडूचा हार, मधे मधे भाताच्या लोंब्या. गाडी अशी चमकत होती, की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. बारकूने मात्र गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या चाकाच्या वर वाकून बघितलं आणि मला म्हणाला, "भाऊ, पेट्रोलात बुडवून एक चिंधी द्या. नुसता एक थेंब."

मी दिली. त्याने चाकाच्या कमानीवरचा चार बोटं रुंदीचा भाग, सरळ हाताने, अगदी हलकेच पुसला. मग मला खाली बसवलं. आजूबाजूला आरसा आणि त्या चार बोटांत, उन्हाच्या ठिपक्याभोवती, जाळंच जाळं. दाट, खोल, गोल गोल.

"मेण भरलंय," बारकू म्हणाला. "मशीन दाबून फिरवलीया, त्यानं चरे पडले. मंग वरून मेण चोपडून बुजवलंया. चारदा धुतली की समदं वर येनार."

"मग जा आणि आत्ताच्या आत्ता साहेबांना सांग," मी म्हणालो.

तो हातातल्या हाराकडे बघत राहिला. "आज दसरा. पुजायच्या हत्याराला आमच्या घरात नावं ठिवत न्हाईत, भाऊ. हार घातला की त्यो सुकून आपसूक गळंस्तवर त्याची खोड काढायची न्हाई. माजा बाप कोयत्याला बी वाकडं बोलत नव्हता त्या दिसांत." मग म्हणाला, "आन् माजं एकट्याचं कोण ऐकंल? हार गळला की तुमी या संगट. तुमी बगितलंय. तुमी सांगितलं तर आयकतील."

"येईन की," मी म्हणालो.

पूजेत ती उघडी जागा दिसू नये म्हणून त्याने त्या चार बोटांवर थोडा कोंडा चोळला आणि गाडीला हार घातला. बंगल्यावर पूजा झाली, जावईबापूंनी नारळ फोडला, सगळ्यांनी गाडीत आपापली तोंडं बघितली.

अशी चूक बारकूसारखा माणूसच करू शकतो. तुम्ही-आम्ही असतो तर त्याच दिवशी बोभाटा केला असता, हाराचं आणि सणाचं कौतुक गेलं खड्ड्यात. तो थांबला. साहेबांचा हुकूम होता दर दोन दिवसांनी गाडी धुवायचा, म्हणून धूतही राहिला. आणि प्रत्येक धुण्याबरोबर मेण जात होतं आणि त्याच्याच हाताखालून जाळं वर येत होतं. कोजागरीनंतर तो पंपावर आला. "भाऊ, अर्धं मेण गेलं. फुलं गळली, आता निस्त्या लोंब्या ऱ्हाईल्यात. पर म्या म्हन्तो, बापाचा नेम मोडतो. आजच या."

मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे. सणासुदीचं कशाला?" सण त्याचा होता, माझा नव्हता. मला फक्त टाळायचं होतं. कीर्तने साहेबांचं पंपाच्या शेठशी बसणं-उठणं होतं, आणि पंपावरचा गडी साहेबांच्या जावयाला खोटं पाडायला जातो, हे शेठला काय वाटलं असतं ते मला पक्कं माहीत होतं.

पाडव्याच्या दिवशी साहेबांकडे मुंबईचे पाहुणे आले. जावईबापू मोठ्या ऐटीत त्यांना गाडी दाखवायला बाहेर घेऊन आले. ऊन लख्ख होतं. पुढे काय झालं ते सांगायला नको. थोड्या वेळाने श्रीपती पंपावर धावत आला. "चल, साहेबांनी बोलावलंय. बारक्या तुझं नाव घेतोय."

मी गेलो तेव्हा पाहुणे खुर्च्यांवर बसले होते, आणि बारकू पायरीच्या खाली उभा होता. त्याच्या मागे हिरी, पदर तोंडाशी धरून. गाडीच्या पुढच्या चिन्हाला सुकलेल्या लोंब्या अजून बांधलेल्या होत्या. जावईबापूंनी पुरचुंडी सोडून कोंडा पायरीवर ओतला होता आणि बोटांत चोळून ते पाहुण्यांना दाखवत होते. "हा बघा भुसा. ह्याने घासतो. सँडपेपरच की हा!"

हिरी एकदम बोलली. त्या घरात मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "भुसा न्हाई त्यो. कोंडा हाय. आमी खातो त्यो."

कोणी हसलं. साहेबांनी मला विचारलं, "दत्तोबा, हा म्हणतो की गाडी मुंबईहून आली तेव्हाच चरे होते. मेणाने बुजवले होते, आणि तू ते पाहिलंस. खरं का?"

बारकूने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. आपला माणूस आला, आता सुटलो, असा तो चेहरा होता.

मी तोंड उघडणार तोच जावईबापू म्हणाले, "आणि हा म्हणतो की त्याने पेट्रोलने रंग पुसून बघितला. पेट्रोलने! हे पेट्रोल त्याला कोणी दिलं?"

शेठला न विचारता पेट्रोल दिलं. मालकाच्या गाडीवर गड्याला चिंधी मारू दिली. माझ्या डोळ्यांपुढे नोकरी तरळली, टाकव्याची चार खाचरं तरळली, मामा तरळला. आणि मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळत नाही, साहेब. त्याने चिंधी मागितली, मी दिली. कशाला ते मी विचारलं नाही."

ही तिन्ही वाक्यं कोर्टातही टिकली असती. म्हणूनच ती सरळ खोट्याहून जास्त नीच होती. साहेब जन्मभर साक्षीदारांची तोंडं बघत आले होते, त्यांना माझं तोंड कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण समोर जावई होता, पाहुणे होते, वर्षभराच्या पगाराइतके पैसे गेलेले होते. कोणाचा तरी हात चुकायलाच हवा होता, आणि सगळ्यांत स्वस्त हात बारकूचा होता.

बारकू वाद घालत बसला नाही. त्याने खाली बसून पायरीवरचा कोंडा ओंजळीने गोळा केला आणि परत मलमलीत बांधला. देवळीतलं कडं घेऊन हातात घातलं. संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. माझ्या समोरून जाताना तो थांबलाही नाही, आणि हिरी थांबली ती फक्त माझ्याकडे बघण्यापुरती. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे उपकार मानले असते.

लोणावळ्यात बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. पंधरा दिवसांत सगळ्या बंगल्यांवर एकच: बारकूच्या हाताने कीर्तन्यांची गाडी खराब झाली. ज्या घरांतून त्याला उसना मागून न्यायचे, त्या घरांच्या फाटकातून तो परत फिरला. एकाने तर त्याला म्हणे गाडीपासून दहा हात लांब उभं केलं. महिनाभर तो दारोदार हिंडला. मग दिसेनासा झाला. कोणी सांगितलं, की तो भाज्याला परत गेलाय, गवत कापतो, आणि मळवली स्टेशनावरून लेणी बघायला येणाऱ्यांच्या पिशव्या वाहतो. मी म्हणालो, "बरं झालं, काहीतरी काम मिळालं." माणूस स्वतःला किती स्वस्तात विकून टाकतो बघा.

मग अडुसष्ट साल उजाडलं. साहेबांनी गाडी पुन्हा त्याच मुंबईच्या वर्कशॉपात पाठवली होती, जाळं काढायला. परत आली ती तशीच आरशासारखी. या वेळी साहेबांनी सक्त ताकीद दिली, की गाडीला कोणी फडकं लावायचं नाही, नुसतं नळीने पाणी मारायचं. महिन्याभरात जाळं जसंच्या तसं वर आलं. हे मला साहेबांनी स्वतः, पंपावर, गाडीतून खाली उतरून सांगितलं.

"त्या लोकांनीच फसवलं रे आपल्याला. चरे पाडायचे आणि मेणाने बुजवायचे. पहिल्या वेळीही तेच केलं असणार."

मला वाटलं, आता साहेब पुढचं बोलतील. बोलेनात, तेव्हा मीच म्हणालो, "मग बारकूला बोलावू का, साहेब? भाज्यालाच आहे तो."

त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. गोल गोल. "आता काय, चार वर्षं झाली. झालं ते झालं. आता बोलावलं तर डोक्यावर बसेल. आणि ही गाडी मी विकतोच आहे. पुढची पांढरी घेणार." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तूही कुठे काही बोललास तेव्हा?"

पुढच्या रविवारी मी मळवलीला उतरलो आणि भाज्याच्या वाटेने वाडीवर चढलो. काय मोठी कामगिरी करायला निघालोय असं मला वाटत होतं. निर्दोष सुटल्याचा निकाल मी स्वतः घेऊन चाललो होतो ना! वाटेत मी वाक्यं जुळवली. 'बारक्या' म्हणायचं नाही, 'बारकूभाऊ' म्हणायचं, हेही ठरवलं.

तो खोपटाच्या कुडाला शेण-मातीचा हात देत होता. मला बघून त्याला आश्चर्य वाटलं असलं तरी दाखवलं नाही. हिरीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आत गेली. आतून उखळाचा आवाज सुरू झाला. मी सगळं सांगितलं. वर्कशॉप, मेण, नुसतं पाणी मारूनही वर आलेलं जाळं, साहेबांची कबुली. "बारकूभाऊ, तुमचा काही दोष नव्हता. आता सगळ्यांना कळलंय," असं मी म्हणालो तेव्हा माझा गळासुद्धा दाटून आला होता. स्वतःच्याच चांगुलपणाने.

बारकू हात देत राहिला. त्या कुडावरही त्याचा हात सरळच फिरत होता, वरून खाली. हात न थांबवता म्हणाला, "तुमाला तवाच ठावं हुतं की, भाऊ."

आतला उखळाचा आवाज थांबला होता. मी तांब्या उचलला आणि त्यातलं पाणी न पिता परत ठेवला. मग माझ्या तोंडून माफी निघाली, ती इतकी पुटपुटत, की मला स्वतःलाही नीट ऐकू आली नाही. त्याने हात धुतले. "चला, खालपतूर येतो. आडीचच्या गाडीला लोक येत्यात, पिशव्या मिळतील," म्हणाला.

आम्ही उतरलो. लेण्यांच्या पायथ्याला आंब्याखाली एक काळी गाडी उभी होती, मुंबईच्या नंबरची. धुळीने माखलेली, पण नवी. मालक तिच्याभोवती फिरत होता, धुळीत बोटाने रेघ ओढून बघत होता. बारकूची पावलं मंद झाली. त्याने मान थोडी तिरपी केली आणि उन्हाच्या बाजूने एकदा त्या बॉनेटकडे बघितलं, फक्त एकदाच. मालकाचं लक्ष गेलं.

"ए, इकडे ये. गाडी पुसायला येते का तुला? नीट पुसशील तर चांगले पैसे देईन. काळा रंग आहे, चरा पडता कामा नये."

मला वाटलं, आता हो म्हणेल. मी मनातल्या मनात म्हणालोही, हो म्हण, बाबा. माझ्यासाठी तरी म्हण.

बारकूने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मला त्यातलं काय कळत न्हाई, सायेब," तो म्हणाला, आणि स्टेशनाच्या वाटेला लागला.